जुनी मोटार आणि स्वतःचे हात

गेल्या उन्हाळ्यांत आम्हांस इंग्लंडमध्यें लीड्स शहरीं कांहीं आठवडे राहण्याचा योग आला. आपल्याच शाळेचे एक माजी विद्यार्थी तेथें नोकरीनिमित्त स्थायिक झाले आहेत. त्यांच्या आग्रहावरून आम्ही गेलों होतों. (यापुढें त्यांचा उल्लेख आम्ही एकेरीनें करणार आहों. शिष्यास एकेरीनें संबोधण्याचा आमचा हक्क त्यानें अद्यापि काढून घेतलेला नाहीं.) प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा हेतु नाहीं. थेम्स नदी, राजवाडे व पदार्थसंग्रहालयें यांचीं वर्णनें या अंकांतून पुष्कळ येऊन गेलीं आहेत, व तीं आमच्याहून चांगल्या लेखण्यांनीं लिहिलेलीं होतीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें त्या घराशेजारच्या पत्र्याच्या पडवींत उभ्या असलेल्या एका जुन्या मोटारीविषयीं. व तिच्या निमित्तानें आमच्या मनांत जें मत तयार झालें आहे त्याविषयीं.

तिकडे या जातीच्या गाडीला कॅम्परव्हॅन म्हणतात. बाहेरून पाहिली तर टेम्पोएवढी. पण आंत लहानसा संसार मांडलेला. बसण्याचें बांक उलगडलें कीं दोघांचा बिछाना होतो. खिडकीखालीं गॅसची शेगडी, तिच्या शेजारीं भांडीं धुण्यापुरतें बेसिन, व छप्पर वर उचललें म्हणजे कापडी भिंतींच्या आंत मुलांना निजण्यापुरती जागा. आमच्या विद्यार्थ्याची गाडी १९७४ सालची फोक्सवॅगन होती. या गाडीचा वंशहि ऐकण्यासारखा आहे. बेन पॉन नांवाच्या एका डच व्यापाऱ्यानें १९४७ सालीं आपल्या टिपणवहींत अशा गाडीचें ओबडधोबड रेखाचित्र काढलें. १९५० पासून जर्मनींतील वुल्फ्सबर्ग येथें तशा गाड्या निघूं लागल्या, व १९५६ मध्यें त्यांच्यासाठीं हॅनोव्हर येथें निराळा कारखाना उभा राहिला. त्यांची दुसरी पिढी जर्मनींत १९६७ पासून १९७९ पर्यंत तयार होत होती. ब्राझीलमध्यें तर त्याच घडणीची गाडी २०१३ पर्यंत बनत असे. १९६० नंतरच्या वीस वर्षांत युरोपांतील कित्येक तरुण अशाच गाड्यांतून तुर्कस्तान, इराण व अफगाणिस्तान ओलांडून आपल्या देशांत आले व गोव्याच्या किनाऱ्यावर त्यांनीं मुक्काम ठोकले. १९७९ सालीं इराणांत क्रांति झाली, वर्षअखेर अफगाणिस्तानांत सोव्हिएत फौजा शिरल्या, आणि ती वाट बंद पडली.

आमच्या विद्यार्थ्यानें गाडी विकत घेतली तेव्हां ती नवऱ्या मुलीसारखी सजलेली होती. वर पांढरा व खालीं निळा रंग, चकचकीत पितळी मुठी, नवे पडदे. विकणाऱ्यानें सांगितलें कीं, गाडीचें पूर्ण पुनरुज्जीवन झालेलें आहे. त्यानंतर आठच दिवसांनीं त्याची दहा वर्षांची मुलगी खेळण्यांतलें एक लोहचुंबक गाडीच्या अंगास लावीत बसली होती. वरच्या भागीं तें टपकन् चिकटे. दाराच्या उंबऱ्याखालीं लावलें कीं सुटून मातींत पडे. मुलीनें आईस विचारलें, "आई, येथें लोखंड नाहीं का?" लोखंड नव्हतेंच! रंगारी जिला लांबी म्हणतात ती तेथें बोटभर जाड थापलेली होती, व तिच्यावर तो सुरेख निळा रंग चढविलेला होता.

हें सर्व आम्हांस त्यानें सांगितलेलें. पण पुढचें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. आम्ही पोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं तो गाडीखालीं पाठीवर निजून ती लांबी खरवडून काढीत होता व आम्ही शेजारीं स्टुलावर बसून दिवा धरला होता. उंबऱ्याखालचा भाग हा पोकळ पेटीसारखा असतो. रस्त्यावरचें पाणी आंत शिरतें, खालचीं बारीक भोंकें चिखलानें बुजलेलीं असतात, त्यामुळें पाणी बाहेर पडत नाहीं, व पत्रा आंतून बाहेर कुजत येतो. बाहेर रंगाला फोड दिसूं लागतो तेव्हां आंतलें काम बरेंच उरकलेलें असतें. खरवडतां खरवडतां हत्यार एका बोल्टापाशीं आलें. बसणाऱ्याच्या कमरेचा पट्टा खालीं ज्या बोल्टानें जखडलेला असतो तो हा बोल्ट. त्यानें पान्यानें तो जरासा हालविला मात्र, भोंवतालचा पत्रा पापडासारखा मोडला व बोल्ट पट्ट्यासकट त्याच्या हातांत आला. तो कांहीं वेळ तसाच पडून राहिला. मग म्हणाला, "सर, ही बाजू माझ्या मुलीची."

आम्हीं दिवा खालीं ठेवला. त्यानंतर त्या दिवशीं काम झालें नाहीं.

जुनी वस्तु स्वतः दुरुस्त करण्याचा छंद पुष्कळांस असतो व तो उत्तम आहे, असें आम्ही पुढें म्हणणारच आहों. पण या छंदाचीं दोन रूपें आहेत व तीं एकमेकांचीं वैरी आहेत. एक रूप जें दिसतें तेथून आरंभ करतें. दुसरें जें दिसत नाहीं तेथून. पडदे, गाद्या, रंग, पितळी मुठी यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु ज्यानें त्यांपासून आरंभ केला त्यानें गाडी दुरुस्त केली नाहीं, गाडीचें दुखणें झांकलें. आणि झांकलेलें दुखणें हें उघड्या दुखण्यापेक्षां वाईट, कारण पुढच्या माणसास तें दिसतहि नाहीं. ज्यानें ती लांबी थापली तो मनुष्य दुष्ट होता असें आम्हांस वाटत नाहीं. बहुधा त्याला वेल्डिंग येत नव्हतें, पैसे थोडे होते, आणि संध्याकाळपर्यंत गाडी सुंदर दिसावी अशी इच्छा होती. एवढ्यानेंच भागतें. दुसऱ्याच्या मुलीचा जीव धोक्यांत घालण्यास याहून अधिक कांहीं लागत नाहीं.

आतां या गृहस्थानें काय केलें तें सांगूं. त्यानें प्रथम सर्व फर्निचर बाहेर काढलें. येथें आमच्या हातून एक प्रमाद घडला, तो कबूल केला पाहिजे. प्रत्येक कपाटाचे स्क्रू निराळ्या पाकिटांत घालून वर नांव लिहावें, असें आम्हांस सांगण्यांत आलें होतें. आम्हीं विचार केला, स्क्रू तो स्क्रू. आणि सगळे एका बिस्किटांच्या डब्यांत टाकले. नंतर असें आढळून आलें कीं ते पांच निरनिराळ्या लांबीचे होते, व लांब स्क्रू आंखूड जागीं बसविला तर तो पलीकडे तारेला भोंसकतो. तो डबा निवडण्यांत आमचे दोन दिवस गेले. त्या घरची मुलगी आमच्या शेजारीं बसून निवडीत होती. ती एक अक्षर बोलली नाहीं, ही तिची सभ्यता.

फर्निचर निघाल्यावर भिजून फुगलेलें प्लायवुड दिसलें. छपराच्या सांध्यांतून वर्षानुवर्षें पाणी ठिबकत होतें. रबर बदलल्यावांचून प्लायवुड बदलणें व्यर्थ. म्हणून आधीं रबर. पेट्रोलच्या रबरी नळ्या त्यानें सरसकट काढून टाकल्या, जरी त्यांतील कांहीं वरून चांगल्या दिसत होत्या. या गाड्यांचें इंजिन मागें असतें. नळीला चीर पडून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळलें म्हणजे गाडी पेट घेते, व असें अनेकदां घडलेलें आहे. त्यांतून ब्रिटनमध्यें २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्यें दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि जुन्या जातीच्या रबराला तें मानवत नाहीं. ब्रेकच्या चाकांतील धूळ त्यानें फुंकून उडविली नाहीं, ओल्या फडक्यानें पुसून पिशवींत बांधली. कारण पूर्वींच्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे व तें श्वासाबरोबर आंत जाणें घातक. ब्रेकचें तेल हवेंतला ओलावा शोषून घेतें, म्हणून तें दर दोन वर्षांनीं बदलावयाचें, हेंहि आम्ही तेथेंच शिकलों.

पण सर्वांत आम्हांस आवडलें तें व्हॉल्व्ह जुळविण्याचें काम. या इंजिनांत पाण्याचा रेडिएटर नाहीं. पंख्याच्या वाऱ्यानें तें थंड होतें. चार सिलिंडर व आठ व्हॉल्व्ह. प्रत्येक व्हॉल्व्ह व त्यास दाबणारी दांडी यांच्यामध्यें ०·१५ मिलिमीटर एवढी फट ठेवावयाची; फिलर गेजची तेवढ्याच जाडीची पात त्या फटींतून किंचित् अडखळत सरकली पाहिजे. आणि हें काम इंजिन पूर्ण थंड असतांनाच करावयाचें, कारण तापलेली धातु प्रसरण पावते व माप खोटें येतें. म्हणून शनिवारीं पहाटे, चहा होण्यापूर्वीं, बापलेक मागचें झांकण उघडून बसत. फट थोडी जास्त झाली तर इंजिन टकटक आवाज करतें. फट मुळींच उरली नाहीं तर आवाज थांबतो; परंतु मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं, तापत जातो व अखेर जळतो. म्हणजे कुरकुरणारें इंजिन बरें आणि अगदीं गप्प झालेलें धोक्याचें! पदार्थविज्ञानाच्या तासाला उष्णतेनें धातु प्रसरण पावते हें आम्हीं पंचवीस वर्षें फळ्यावर लिहिलें. गोळा व कडी यांचा प्रयोगहि दर वर्षीं करून दाखविला. पण त्या शनिवारीं दहा वर्षांच्या मुलीनें इंजिनावर हात ठेवून "बाबा, अजून कोमट आहे, थांबूं या," असें म्हटलें, तेव्हां तिला जें कळलेलें होतें तें आमच्या किती विद्यार्थ्यांस कळलें असेल, याची आम्हांस शंका वाटते.

हें सर्व त्याला कोणी शिकविलें? तो कांहीं मोटारींचा एंजिनियर नव्हे. बँकेंत हिशेब तपासण्याचें काम करतो. जॉन म्यूर नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थानें १९६९ सालीं फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी, या विषयावर एक पुस्तक लिहिलें. ज्यास मोटारींतलें कांहींच कळत नाहीं अशा मनुष्यास समोर बसवून बोलावें तशा भाषेंत तें लिहिलेलें आहे, व पीटर ॲश्वॅन्डेन यांनीं त्यांत सुंदर चित्रें काढलेलीं आहेत. त्याची एक तेलकट प्रत पडवींत खिळ्याला टांगलेली होती. पोथीला इतकें तेल लागलेलें आम्हीं प्रथमच पाहिलें, आणि आम्हांस तें फार आवडलें.

मात्र त्यानें सगळेंच स्वतः केलें असें नव्हे, आणि येथें आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. उंबऱ्याखालचा पोकळ भाग व पट्ट्याच्या बोल्टाभोंवतालचा पत्रा त्यानें स्वतः कापून साफ केला. पण नवा पत्रा जोडण्याचें काम एका कसबी वेल्डरकडे सोंपविलें. गॅसची नळी व शेगडी त्यानें परवानाधारक मनुष्याकडून तपासून घेतली. बंद गाडींत गॅस नीट जळला नाहीं तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु तयार होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. झोंपलेल्या माणसास तो जागें होऊं देत नाहीं. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून निजलेलीं व हवेचीं भोंकें चिंध्यांनीं बुजविलेलीं कुटुंबें अशाच गाड्यांतून व तंबूंतून मेलेलीं आहेत. "आपल्याला काय येत नाहीं याची यादी मीं आधीं केली, सर," असें तो म्हणाला. ती यादी भिंतीवर चिकटविलेली होती. स्वावलंबनाच्या नांवाखालीं जे लोक कोणत्याहि कामाला हात घालतात त्यांना आम्ही स्वावलंबी म्हणत नाहीं.

कोणी म्हणेल, असें केल्यानें पैसे वांचतात. आमच्या पाहण्यांत तरी वांचले नाहींत. हत्यारें, पत्रा, रबर, वेल्डरची मजुरी आणि शनिवार-रविवारचे असंख्य तास यांचा हिशेब त्या हिशेब-तपासनिसानें मुद्दामच ठेवलेला नव्हता.

आतां ज्या मुद्द्याकरितां हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळूं. ग्रेट ब्रिटनमध्यें मोटार तीन वर्षांची झाली म्हणजे तिची दर वर्षीं तपासणी व्हावी लागते. ब्रेक, दिवे, चाकें, स्टिअरिंग, पट्टे सर्व पाहतात. पट्ट्याच्या बोल्टापासून तीस सेंटिमीटरच्या आंत पत्रा कुजलेला सांपडला तरी गाडी नापास होते. परंतु २० मे २०१८ पासून असा नियम झाला आहे कीं, चाळीस वर्षांहून जुन्या व मूळ घडणींत मोठा फरक न केलेल्या खासगी गाड्यांस ही तपासणी माफ! याचें कारण असें सांगण्यांत येतें कीं, अशा गाड्या थोड्या असतात, क्वचित् चालतात, व त्यांचे मालक त्यांना फार जपतात. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याची ती निळी गाडी, त्या पापडासारख्या पत्र्यासह, कोणासहि न दाखवितां रस्त्यावर आणण्यास तपासणीची आडकाठी मुळींच नव्हती. गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य स्थितींत ठेवण्याची जबाबदारी कायद्यानें मालकावर ठेवलेली आहे, हें खरें. पण जो दोष मालकास दिसलाच नाहीं त्याची जबाबदारी तो कशी पाळणार?

आमचें मत स्पष्ट आहे. ही सवलत चुकीची आहे. जुन्या गाडीचे बहुतेक मालक तिला जपतात हें आम्ही मान्य करतों. पण जपणें आणि पारखणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. किंबहुना ज्या वस्तूवर आपला जीव जडला आहे तिचा दोष पाहण्यास आपण सर्वांत कमी लायक असतों. आमच्या विद्यार्थ्यानें स्वतःच्या हातांनीं महिनोन्महिने राबून ती गाडी नीट केली. तिच्यांत काय बिघडलें आहे हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक असणार? असें आम्हीं त्यास विचारलेंहि. त्यावर तो म्हणाला, "सर, स्वतःचे पेपर स्वतः तपासतां येतात का?" यावर शिक्षकानें काय बोलावें! माफी असली तरी ऐच्छिक तपासणी करून घेतां येते, व ती करून घेण्याचें त्यानें ठरविलें होतें.

आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, व त्यानंतर तपासणी होऊन ती पांच पांच वर्षांनीं वाढवून मिळते. ही पद्धत आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. पण आपल्याकडे दोष आहे तो निराळ्या ठिकाणीं, आणि तेथें आम्ही स्वतः गुन्हेगार आहों.

हाच विद्यार्थी इयत्ता आठवींत असतांना वर्गांतलें भिंतीवरचें घड्याळ बंद पडलें होतें. मधल्या सुट्टींत त्यानें तें खालीं काढून उघडलें. चाकें बाकावर ओळीनें मांडलेलीं, शेजारीं एका कागदावर क्रमांक घालून काढलेली आकृति. आम्हीं आंत आलों, तें दृश्य पाहिलें, व त्यास दिवसभर वर्गाबाहेर उभें केलें. घड्याळ घड्याळजीकडे गेलें. त्याच्या वडिलांस बोलावून आम्हीं सांगितलें कीं मुलास अभ्यासाकडे वळवा, हे हस्तउद्योग त्याच्या कामाचे नव्हेत. व वडिलांनींहि मान डोलविली. तो कागद आम्हीं चुरगळून टाकला होता. लीड्सच्या पडवींत भिंतीवर प्रत्येक सुट्या भागाची क्रमांक घातलेली आकृति चिकटविलेली पाहिली, तेव्हां आम्हांस तो कागद आठवला. आम्हीं त्यास विचारलें, तुला तें घड्याळ आठवतें का? तो हंसला व म्हणाला, "सर, त्याचा एक दांता मोडला होता. तेवढाच बदलायचा होता."

पालकहो, आपल्या घरीं मुलगा किंवा मुलगी सायकलची साखळी उतरवून बसली, बंद पडलेलें मिक्सर उघडूं लागली, तर विजेची पिन काढलेली आहे ना एवढें आधीं पहा. मग जवळ बसा. परीक्षेच्या तोंडावर हें सांगणें अवेळीं वाटेल. आम्हांसहि तें पंचवीस वर्षें तसेंच वाटत होतें. आणि बालमित्रांनो, काढलेला प्रत्येक स्क्रू निराळ्या पाकिटांत ठेवा. याबाबतींत तरी आमचा शब्द अनुभवाचा आहे.

हा मजकूर छापखान्याकडे जाण्यापूर्वीं लीड्सहून पत्र आलें. गाडी ऑक्टोबरांत तपासणीस नेली होती. उंबऱ्याखालचा पत्रा, पट्टे, नळ्या, स्टिअरिंग सर्व ठीक. मागच्या डाव्या चाकाचा हातब्रेक मात्र उजव्यापेक्षां कमी धरीत होता, म्हणून गाडी नापास झाली. ज्या चाकाचा ब्रेक त्यानें सर्वांत शेवटीं व थकलेल्या अवस्थेंत जोडला होता तेंच हें चाक, असें त्यानें लिहिलें आहे. पत्राखालीं मुलीच्या हातची ओळ आहे: "आजोबा, शनिवारीं चाक पुन्हां उघडणार आहों. स्क्रू मी सांभाळणार."